सात दहाची बस आणि झिरो तिकीट

सात दहाची बस अजून येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने जीव टांगून ठेवायला नको. माझा टांगला होता तेवढा पुरे झाला.

ही बस रायपुरात तात्यापाऱ्याच्या चौकात आम्हाला घेते आणि नव्या रायपुरात, जिथे सगळी सरकारी ऑफिसं नेऊन ठेवली आहेत, तिथे जाते. माझी सून तिथल्या एका इमारतीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. मी त्याच कँटीनमध्ये सकाळी भाजी निवडते, तांदूळ पाहते आणि दुपारी कुपनांच्या डब्याजवळ बसते. जेवायला येणाऱ्याने डब्यात कूपन टाकायचं, मग ताट घ्यायचं. संध्याकाळी डबा उपडा करून कुपनं मोजतात आणि तेवढ्याच माणसांची कणीक दुसऱ्या दिवशी मळतात. बाबू लोक ओळखीचे झाले की म्हणतात, "अम्मा, बाद में डाल दूँगा." मी ताट सोडत नाही. "पहले डालो," म्हणते, "नहीं तो कल तुम्हारी ही रोटी कम पड़ेगी." पुढच्या गोष्टीत माझंच नाक कापलं जाणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

माझा मुलगा सहा वर्षांपूर्वी नागपूरला दुसरं घर करून बसला. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर होता, पण ठेकेदाराकडे, त्यामुळे तो गेल्यावर पेन्शनचा प्रश्नच आला नाही. घरात सून, अकरा वर्षांची नात आणि मी. दोन खोल्या भाड्याच्या. नात शाळेत आपली आपण जाते, किल्ली शेजारणीकडे असते. ह्या घरात चूल सुनेच्या पगारावर पेटते. माझी मजुरी म्हणजे भाजीतली कोथिंबीर.

बसला आमच्या थांब्यावर रोज पंधरा माणसं असतात. झाडूवाल्या बाया, दोन सिक्युरिटी गार्ड, बागकाम करणारा एक माळी, असेच सगळे. ज्यांना साहेब येण्याच्या आधी पोचावं लागतं ते. सगळ्यांकडे पास आहे. पास असला तरी रोज चढल्यावर कंडक्टर जवळ येतो, पास बघतो, हातातल्या मशीनचं बटण दाबतो आणि बोटभर चिठ्ठी फाडून देतो. तिच्यावर तिकिटाचे पैसे शून्य लिहिलेले असतात.

मी पहिल्याच आठवड्यात त्याला म्हटलं होतं, "काहून कागद फाडतो रे बाबू? रोजच तर येऊन राहिलो आमी. चेहरा नाही ओळखत का?"

तो हसला. इकडचाच, छत्तीसगढी माणूस. "हव अम्मा, पहचानथँव." तेव्हापासून माझी चिठ्ठी बंद झाली. मग सुनेची झाली, मग बाकीच्यांची. पुढे आमच्याच काय, सगळ्या थांब्यांवर रीतच पडली की चिठ्ठी घेतो तो नवखा. जुना माणूस मान हलवतो आणि आत जातो. कंडक्टरलाही ते बरंच होतं. डेपोतून कागदाचा रोल मोजून मिळतो, तो त्याचा वाचे. माळ्याला बिचाऱ्याला तीन महिने चिठ्ठी मिळत राहिली. तो मनातून खट्टू व्हायचा. ज्या दिवशी कंडक्टर त्याला न विचारता पुढे गेला, त्या दिवशी माळ्याने आम्हा सगळ्यांना जलेबी खाऊ घातली. मीही दोन खाल्ल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी थांब्याच्या खांबावर कागद चिकटला. मी चौथीपर्यंत शिकले. हिंदी-मराठीची अक्षरं एकच आहेत म्हणून वाचता येतं. लिहिलं होतं की यात्री संख्या नगण्य असल्यामुळे सकाळी सात दहाची सेवा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बंद.

"नगण्य म्हंजे काय वो?" मी सुनेला विचारलं.

"मोजण्यासारखे नाहीत, आत्याबाई."

आम्ही पंधरा जण त्या कागदासमोर उभे होतो. माळी म्हणाला, "हमन पंद्रह झन नगण्य हन का?" सगळे हसले. सून हसली नाही. मग मीही थांबले.

पुढची बस आठ पंचवीसला होती. कँटीनची चूल आठला पेटते, नऊला नाश्ता लागतो. वाटणीचे ऑटो वाटेतल्या तेलीबांधापर्यंतच जातात. त्याच्या पुढे एकट्याने ऑटो करायचा तर दिवसाच्या मजुरीतलं काही हातात राहत नाही. आणि नव्या रायपुरातले रस्ते असे की रुंदी पाहून छाती दडपावी, पण हात दाखवावा असं कोणी दिसत नाही. मोटारी येतात आणि जातात. कँटीनच्या ठेकेदाराला सुनेने सांगितलं तर तो म्हणाला, "बस तुम्हारी परेशानी है दीदी, नाश्ता मेरी." त्याचंही चूक नव्हतं. आठला पोळ्या लाटणारी त्याला दुसरी मिळाली असती.

त्या संध्याकाळी मी नळावरून आले तर सुनेने पलंगाखालची मोठी बॅग बाहेर ओढली होती आणि तिची चेन पुढे-मागे करून पाहत होती.

"काय करून राहिली?"

"चेन चालते का पाहून राहिली."

"चालते?"

"चालते."

एवढंच बोलणं झालं. तिचा भाऊ गोंदियाला आहे. घर बरं आहे, एक खोली रिकामी आहे, आणि तो चार वर्षांपासून ये म्हणतो आहे. ती गेली नाही, कारण इथे नोकरी होती. नोकरी गेली की इथे राहण्याचं कारण काय? नवरा नाही, घर भाड्याचं, एक सासू. मी तिला विचारलं नाही की मला नेणार का. बहीण भावाच्या घरी जाऊ शकते, बहिणीची सासू जात नाही. मी त्यामुळे मेले नसते. शेजारणीसारखी एकटी राहिले असते, दिवसातून एकदा चहा केला असता आणि टीव्हीशी बोलले असते. पण ते मला नको होतं.

नात पलंगावर अभ्यास करत होती. म्हणाली, "आजी, मम्मी मामा के घर जा रही है क्या?"

"तू अभ्यास कर."

"कर तो रही हूँ."

तीन दिवसांनी मी कँटीनमधून एका दिवसाची सुटी घेतली आणि शहरातल्या सिटी बस ज्या सरकारी ऑफिसातून चालतात तिथे गेले. सुनेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, तिथं तुमचं कोन ऐकते.

दारातल्या गार्डने अर्ज आणला का विचारलं. मी म्हटलं, मीच आली, अर्ज कशाला. त्याने दुसरा मजला दाखवला. तिथल्या दारावरची पाटी वाचली, आडनाव आपल्याकडचं निघालं. आत तिशीतली एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. मी मराठीतच सुरुवात केली. तिला सगळं समजत होतं, पण उत्तर ती हिंदीत देत होती. आजकालच्या पोरींचं असंच आहे, माझी नातही तशीच.

"काहून बंद करून राहिले आमची बस?"

"कौन-सी, दादी? बैठिए पहले."

"तात्यापाऱ्याची. सात दहाची."

मी बसले. तिने बटणं दाबली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. "ये देखिए. तात्यापारा स्टॉप. सोमवार को दो. मंगल को एक. बुधवार ज़ीरो. बाकी स्टॉप भी ऐसे ही हैं."

"बुधवारी मी सोता होती त्याच्यात. उभी गेली. मले बसायले जागा नव्हती."

"मशीन में तो यही है."

"मंग मशीन आंधळी हाय तुमची."

ती हसली, पण चिडली नाही. तिने मला सगळं समजावून सांगितलं. मला आधी वाटायचं, बस म्हणजे ड्रायव्हरची मर्जी. तसं नाही. गाड्या सरकारी पैशाने घेतलेल्या, चालवायला ठेकेदाराला दिलेल्या. ड्रायव्हर-कंडक्टर ठेकेदाराचे. पण कोणती गाडी कुठून कुठे जाईल, किती वाजता सुटेल, कुठे थांबेल, पास कोणाला मिळेल, हे ह्या ऑफिसात ठरतं. रोज काम संपलं की कंडक्टर आपलं मशीन डेपोत जमा करतो. त्याच्या पोटात असतं ते सगळं इथल्या कॉम्प्युटरात उतरतं. कोणत्या थांब्यावर किती माणसं चढली, सगळं. मग ठरावीक दिवसांनी मीटिंग होते. जी फेरी रिकामी, तिची गाडी काढून जिथे माणसं दाराला लोंबकळतात तिथे द्यायची. तिने मला अर्जांचा एक गठ्ठा दाखवला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका वस्तीतले लोक एका बससाठी वर्षभर लिहीत होते.

"गाड़ियाँ गिनती की हैं, दादी. खाली कैसे दौड़ाऊँ?"

तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ताटात पोळ्या उरून आल्या तर दुसऱ्या दिवशी कणीक कमीच मळतात. भांडायला आलेली मी, पण भांडायला धरावं असं काही सापडेना.

"पण आमच्यापाशी सगळ्यांपाशी पास हाय," मी म्हटलं.

"तो पास पर भी टिकट निकलता है ना. ज़ीरो वाला. उसी से तो गिनती होती है." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "नहीं निकलता क्या?"

माझ्या डोळ्यांपुढे कुपनांचा डबा आला. दुपारभर त्या डब्याजवळ बसून शिकल्या-सवरल्या बाबूंना ऐकवणारी मी. आणि सकाळी बसमध्ये चढताना मीच म्हणत होते, चेहरा नाही ओळखत का. कंडक्टर ओळखत होता. डब्यात मात्र आम्ही एकही कूपन टाकलं नव्हतं. पंधरा माणसं रोज जात होती आणि कागदावर कोणीच जात नव्हतं. त्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली होती.

मुलीने पेन उचललं. "कंडक्टर टिकट नहीं देता? कौन है वो?"

"थो देते. आमीच नाही घेत." हे खरं होतं.

"फिर भी. कौन है?"

"चेहरा नाही ध्यानात. म्हातारी हाय मी." हे खोटं होतं.

तिने पेन ठेवलं. माझं खोटं तिला कळलं असावं. म्हणाली, मीटिंगला अजून बारा दिवस आहेत. "इन बारह दिन में गिनती ठीक आ गई तो मैं सबके सामने रख दूँगी. पर वादा नहीं करती."

"वादा कोन मागून राहिलं? कागद पाहून ठरव."

निघताना तिने चहा विचारला. मी घेतला. चहा पांचट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर मी सगळ्यांना सांगितलं. सून बाजूला उभी होती, तिलाही तेव्हाच कळलं.

एक गार्ड म्हणाला, "अम्मा, आप ही ने तो सिखाया था, रोज का आदमी टिकट नहीं लेता."

"हव, मीच शिकवलं. आता मीच मोडून राहिली."

"और मेरी जलेबी?" माळी म्हणाला.

"थे पचली. चूप बैस."

बस आली. मी पहिल्या पायरीवरच हात पुढे केला. कंडक्टर तसाच पुढे सरकला, मी त्याचा शर्ट धरला. "टिकट दे. झिरोवाला." त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी भांडून आले आहे.

"अम्मा, भरोसा नहीं रहा क्या मुझ पर?"

"तुझ्यावर हाय रे. पन मीटिंगमधी तू नाही बसत. तुझी मशीन बसते."

ऑफिसातली गोष्ट सांगितली तेव्हा त्याने आधी विचारलं, "मेरा नाम लिया क्या?" मी नाव सांगितलं नाही हे ऐकल्यावर त्याने बसभर फिरून चिठ्ठ्या फाडल्या. झोपलेल्या बाईला उठवून दिली. त्या दिवसापासून चिठ्ठी चुकवणाऱ्याला मी सोडत नव्हते. लोक मला पाठीमागे चेकर म्हणत. तोंडावरही म्हणत.

पाचव्या दिवशी चिठ्ठीच्या कडेला लाल रेघ आली. रोल संपत आला की ती येते. कंडक्टर म्हणाला, डेपोचा स्टोअरवाला दहाला येतो, तेही एकच रोल देतो, इतक्या चिठ्ठ्या फाडल्या तर दुपारपर्यंत पैसेवाल्यांना तिकीट द्यायला कागद राहत नाही. "कल से पास वालों का नहीं हो पाएगा, अम्मा." सुनेने खिडकीबाहेर तोंड केलं.

मी त्या लाल रेघेकडे पाहत होते. ही रेघ मी आधी पाहिलेली होती. कँटीनच्या आधी एकोणीस वर्षं मी पंडरीच्या बाजारातल्या एका कापड दुकानात थानांच्या, म्हणजे ताग्यांच्या, घड्या घालत होते. तिथल्या बिलाच्या मशीनचा कागदही असाच, एवढाच रुंद, संपताना अशीच लाल रेघ येणारा. परतताना मी सुनेला पुढे पाठवलं आणि पंडरीला उतरले. गल्ल्यावरचा जुना मुनीम मला ओळखत होता.

"अरे अम्मा! कौन-सी साड़ी दिखाऊँ?"

"साडी राहू दे. तो बिलवाला कागज है ना, दो रोल दे दे."

"कागज़ पहनोगी क्या?"

"हव, पहनूँगी. तू दे."

त्याने चार दिले. सकाळी कंडक्टरने रोल उलटसुलट करून पाहिला, बसवला, बटण दाबलं. चालला. फक्त चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दुकानाने छापून घेतलेलं होतं: बिका हुआ माल वापस नहीं होगा. माळ्याने ते मोठ्याने वाचलं आणि अख्खी बस हसली. त्या दिवशी सूनही हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले.

बारा दिवस संपले. मीटिंग झाली असेल. आम्हाला कोणी काही कळवलं नाही. कळवणार तरी कोण, आणि कोणाला? कंडक्टरलाही काही माहीत नव्हतं, त्याला ड्यूटीचा कागद त्याच दिवशी सकाळी मिळतो. खांबावरचा कागद होता तसाच होता. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी सुनेचा गोंदियाला फोन झाला. "सकाळी सांगते दादा," एवढंच मला ऐकू आलं. बॅग पलंगाखाली गेली नव्हती, भिंतीला टेकून उभी होती.

पहिल्या तारखेला आम्ही पंधराही जण सातलाच थांब्यावर उभे. सात दहा झाले. बस नाही. सात पंधरा. गार्ड ऑटोवाल्याशी भाव करायला लागला. सून मोबाइल हातात घेऊन उभी होती. मला माहीत होतं नंबर कोणाचा आहे. मी रस्त्याकडे पाहणं सोडून दिलं आणि चपलेतला खडा काढत बसले.

"आत्याबाई," सून म्हणाली. "उठा."

वळणावर बस दिसत होती.

उशीर झाला, कारण आधीच्या थांब्यावर ऑफिसचा खरा चेकर चढला होता. हातात वही, कानाला पेन. आम्ही चढलो, कंडक्टरने चिठ्ठ्या फाडल्या, आणि चेकरने एकेकाची चिठ्ठी पाहून वहीत खुणा केल्या. माझी त्याने उलटून पाहिली आणि मागचा मजकूर वाचून भुवई वर केली. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्याने डोकी मोजली.

"तात्यापारा, पंद्रह. बराबर." बाहेर वाकून तो ड्रायव्हरला म्हणाला, "रोको ज़रा." खाली उतरला आणि खांबावरचा कागद नखाने ओढला. खळ घट्ट होती, अर्धाच निघाला. वरचा अर्धा कागद अजून तिथे आहे. चढून म्हणाला, "चलो. ये वाली चालू है."

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सगळ्यांना कामावर जायचं होतं. मी मात्र मधल्या वाटेतच खाली बसले. कंडक्टर ओरडला, "अम्मा, सीट पर बैठो!" सीट रिकामी नव्हती. मग झाडूवाल्या एका बाईने उठून मला जागा दिली. कितीतरी दिवसांनी मी त्या बसमध्ये पाठ टेकली. सून माझ्याजवळ उभी राहून फोनवर बोलत होती. "नाही दादा. नाही येऊन राहिली. हो, चालू आहे बस. हो, आत्याबाई बऱ्या आहेत."

चिठ्ठ्या आम्ही अजून घेतो. नवीन कोणी चढला आणि मान हलवून पुढे जायला लागला की आता माळीच त्याला अडवतो.

बॅग पलंगाखाली परत गेली. रिकामी ठेवायला नको म्हणून मी तिच्यात गोधड्या भरल्या आहेत, घरातल्या सगळ्या. आता ती अशी जड झाली आहे की एकट्या माणसाने उचलत नाही.